रूळ वाजेपर्यंत

पोर्ट सिल्वन, विस्कॉन्सिन
रविवार, २ ऑगस्ट १९९८

प्रिय लेम्पी,

तुझे गुडघे कसे आहेत? आपली चुलतबहीण आयली सांगत होती, डाव्याचं ऑपरेशन झालं आणि आता तू काठीशिवाय पोस्टापर्यंत जाऊन येतेस. तुझ्या रसेलची साखर आटोक्यात आहे ना? त्याला म्हणावं, वेलचीचा पाव एक तुकडाच, दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. लेकीचा, मार्जरीचा दमा समुद्राच्या हवेनं कमी झाला की वाढला? तिच्या टोबीच्या दातांची तार निघाली का? मी त्याला फोटोतच पाहिलाय, पण जिवणी आपल्या आईची आहे त्याची. आणि ते तुमचं लंगडं मांजर, ते अजून आहे का?

माझं म्हणशील तर छातीत एक यंत्र बसवलंय, ते ठोके मोजून देतं. आयरीनला जाऊन चार वर्षं झाली. घरात कॉफी अजून दोघांची होते आणि दुसरा कप स्टॅश पितो. तोच स्टॅश व्होइतोविच, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा तो. आता त्याला खुर्चीतून उठवायला मी लागतो आणि मला उठवायला तो. दोघं एकदमच खाली बसलो की संपलं.

आईच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी तू स्वयंपाकघरातून उठून गेलीस, त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून तुझं एक अक्षर नाही. मी ते मागायला आज बसलेलो नाही. बातमी अशी आहे की आपलं बेसबॉलचं मैदान मोडणार आहेत.

तलावाकाठचं ते सगळं गवत आणि लाकडी गॅलरी शहरानं कुठल्याशा गोदामवाल्यांना दिली. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आदल्या दिवशी, रविवारी सहा तारखेला, निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. आपल्या डॉकर्स संघाचे जुने खेळाडू बोलावलेत. सगळी मिळून आम्ही सात माणसं उरलोय आणि त्यातल्या दोघांना आपण कुठे आहोत ते ठाऊक नसतं. महापौरबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "मिस्टर केस्किला, शेवटी रूळ तुम्हीच वाजवायचा. तीन ठोके, पूर्वीसारखे." मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि कॉफी कपाबाहेर ओतत राहिलो, तेव्हा स्टॅशनं कप काढून घेतला.

ह्या संघावर कार्यक्रमाच्या पुस्तिकेत चार पानं लिहून द्यायचीत मला. एकोणीसशे आठ सालापासून. धक्क्यावर लोहखनिज भरणाऱ्या हमालांनी रविवारी विरंगुळा म्हणून संघ काढला, म्हणून नाव डॉकर्स. मोठ्या शहरांच्या दृष्टीनं आम्ही शिडीची सगळ्यात खालची पायरी. इथे पोरं यायची, दोन उन्हाळे खेळायची आणि वरच्या संघाची तार आली की जायची. धुकं मात्र आमच्याइतकं कुणाकडे नव्हतं. भर दुपारी त्या समुद्राएवढ्या तलावावरून उठायचं आणि पाच मिनिटांत अख्खं मैदान गिळायचं. बंदराचा भोंगा सुरू झाला की पंचाचा आवाज दहा पावलांवर पोचायचा नाही. म्हणून बाबांच्या पिढीनं गुणफलकाच्या शेजारी आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगला. खेळ थांबवला की फलकवाल्यानं तीन ठोके द्यायचे. आणि नियम असा, की रूळ वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही.

हे सगळं मी लिहिलं. एकोणपन्नास साल आलं आणि पेन थांबलं.

डेलबर्ट नाहीसा झाला त्या दिवशीही रूळ वाजला होता, लेम्पी. तीनदा. शेरीफच्या कागदावर तसंच आहे.

तुझा भाऊ,
आर्वो

*

शुक्रवार, १४ ऑगस्ट

प्रिय लेम्पी,

उत्तर नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी टपालवाल्याची गाडी वळली की मी उगाच कुंपणाशी काहीतरी करत असतो.

पुस्तिकेत छापता येणार नाही असं बरंच साठलंय. तुला ऐकावंसं वाटणार नाही, पण तुझ्याइतका त्यावर कुणाचा हक्कही नाही.

एकोणपन्नासात तू गाव सोडलंस, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जूनमध्ये पहिलं धुकं आलं. खेळ चालू होता. डेलबर्ट नूननच्या जागेवर, मधल्या मैदानात, आयोवाचा एक नवा मुलगा होता. फटका उंच गेला आणि धुक्यात नाहीसा झाला. त्या मुलाला काही दिसलं नाही, तो जमिनीवर हातानं चाचपडत होता. तेवढ्यात चेंडू परत आला. सरळ, खांद्याच्या उंचीवरून, स्टॅशच्या हातमोज्यात. धावणारा बाद झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा आत आला तो पांढरा पडून. म्हणाला, "मी नाही टाकला." स्टॅशनं मला चेंडू दाखवला. तो ओला होता, आणि शिवणीत वाळू होती.

लेम्पी, तसं हात न वाकवता, खांद्याच्या मुळापासून फेकणारा एकच माणूस आमच्याकडे खेळला होता.

मग ते होतच राहिलं. दर उन्हाळ्यात एकदोनदा, तेही धुक्यातच. आलेली पोरं कुणी न सांगता दोन पावलं उजवीकडे सरकून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, तिथे बरं वाटतं. त्रेपन्न साली पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकानं पंचांकडे तक्रार केली की डॉकर्स नवाऐवजी दहा जणांनी खेळतायत. पंच मधोमध चालत गेले, मोजून आले, नऊच. तक्रार करणाऱ्याची सगळ्यांनी खूप थट्टा केली. मी फलकवाला, फलकाच्या आत होतो, मला हसू आलं नाही. कारण फळीच्या फटीतून मीही दहाच मोजले होते.

आणि ते गवत. मधल्या मैदानात पावलांएवढे दोन डाग, शेजारी शेजारी, जरा फाकलेले. माळी दर वसंतात बी टाकायचा, सगळीकडे उगवायचं, तिथे नाही. एकाहत्तर साली लीगच बंद पडली, डॉकर्स बुडाले. पुढे कॉलेजची मुलं उन्हाळ्यात खेळायला यायची, तीही शहाण्णवला थांबली. दोन वर्षं तिथे कुणी पाय ठेवलेला नाही. काल मी आणि स्टॅश बघायला गेलो, तर कमरेएवढं तण माजलंय. ते दोन डाग मात्र तसेच. उघडी माती. आणि लेम्पी, ती माती ताजी तुडवलेली होती, टाचेकडे ओल होती.

स्टॅशनं बुटाच्या टोकानं ती ओल चाचपून पाहिली. मग म्हणाला, "म्हाताऱ्या, तिला लिही." मी म्हटलं, लिहितोय की. तर म्हणाला, "तू हवापाण्याचं लिहितोयस."

मागे गुणफलकाशेजारी अजून तो रूळ टांगलेला आहे. त्या दिवसानंतर मी त्याला हात लावला नाही. पन्नास साली मी व्यवस्थापकांच्या मागे लागून विजेचा भोंगा बसवून घेतला होता. सगळे म्हणाले, आर्वोला सुधारणांची आवड.

पुढच्या पत्रात लिहितो. आज छाती जड आहे.

आर्वो

*

रविवार, २३ ऑगस्ट

लेम्पी,

आज तब्येतीची विचारपूस करत नाही. केली तर तिथेच रेंगाळेन.

चार सप्टेंबर एकोणपन्नास. तू गॅलरीत तिसऱ्या ओळीत बसली होतीस, आईचा निळा कोट घालून. सकाळी डेलबर्टची तार आली होती, वरच्या लीगमध्ये बोलावणं. दुसऱ्या दिवशी तो निघणार होता आणि तू त्याच्याबरोबर जाणार होतीस. आईबाबांना अजून ठाऊक नव्हतं. मला तूच सांगितलं होतंस, जिन्यात, कानात. मी तुला म्हटलं, छान झालं. आणि दिवसभर तुझ्याकडे पाहायचं टाळलं. तू गेल्यावर त्या घरात मी, आई, बाबांचं खोकणं आणि घड्याळ, एवढंच उरणार होतं.

डॉकर्समध्ये एक रीत होती. वर जाणाऱ्याला सुखासुखी जाऊ द्यायचं नाही. एकाचे बूट जमिनीला खिळ्यांनी ठोकले होते, एकाच्या टोपीत माशांची आतडी भरली होती. ज्याला तार आली त्याची शेवटच्या दिवशी फजिती झालीच पाहिजे. शिव्या घालत तो आत यायचा आणि मग सगळे त्याला खांद्यावर घ्यायचे. डेलबर्टसाठी कुणाला काही सुचलं नव्हतं. नेब्रास्काच्या शेतावरचं पोर ते, कशालाच रागवायचं नाही.

सातव्या डावात धुकं आलं. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली आणि खेळ संपवला. आम्ही तीन-दोननं जिंकलो होतो. त्यांनी माझ्याकडे हात केला, म्हणजे आता रूळ वाजव. मी हातोडा उचलला. स्टॅश फलकाखाली उभा होता. मी त्याला म्हटलं, "नको वाजवायला. उभा राहू दे गाढवाला. बघू किती वेळ राहतो."

हे मी म्हटलं. स्टॅशनं नाही, दुसऱ्या कुणी नाही, मी.

स्टॅश हसत गेला आणि डेलबर्टच्या दोन्ही कडेच्या खेळाडूंना हाताला धरून गुपचूप आत घेऊन आला. आम्ही कपडे बदलायच्या खोलीत बसलो. पैजा लागल्या, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. रूळ वाजल्याशिवाय तो हलणार नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, गंमत तीच होती. वीस मिनिटं झाली, मग कुणी हसेना. तेव्हा आम्ही बाहेर आलो, हाका मारल्या, भोंग्यात त्या विरून गेल्या. हात धरून रांग करून मधल्या मैदानातून चालत गेलो. तेव्हा तिथे भिंत नव्हती, गवत संपलं की दगड आणि दगड संपले की पाणी. तो नव्हता. टोपी नाही, हातमोजा नाही, काही नाही.

शेरीफ आला. त्यानं विचारलं, रूळ वाजवलास? मी म्हटलं, तीनदा. चौदा माणसांनी मान डोलावली. आता त्यातले आम्ही दोघंच हे आठवू शकतो.

एवढंच असतं तर कदाचित मी तुला कधीतरी सांगितलंही असतं. पण तू आठ दिवस त्या दगडांवर जाऊन बसलीस. नवव्या दिवशी मी तुला स्वयंपाकघरात गाठलं. तू म्हणालीस, "आर्वो, मला रूळ ऐकू आला नाही." आणि मी म्हटलं, "भोंग्यात तुला आला नसेल. त्याला आला. रूळ वाजला की माणूस आत येतो, लेम्पी. तो आला नाही, म्हणजे त्याला यायचं नव्हतं."

तू त्याच संध्याकाळी बसनं निघून गेलीस. आईच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी तू परत विचारलंस, त्याच टेबलाशी, आणि मी तुझ्यावर ओरडलो. गावाला वाटलं डेलबर्ट नूनन एका मुलीला फसवून पळाला. मी वाटू दिलं. एकोणपन्नास वर्षं.

त्यानं तुला सोडलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नाही की खेळ संपला.

आता सहा तारखेला मी तो रूळ वाजवायचा आहे. हे एवढ्यासाठी लिहितोय. वाजवला तर तो आत येईल, मला याबद्दल शंका नाही. न वाजवता त्यांनी मैदान खणलं, तर तो गोदामाच्या भिंतीत तसाच उभा राहील. त्याच्यासमोर जायची माझी हिंमत नाही, पण ते माझं मी बघेन. वाजवायचा की नाही हे ठरवायचा हक्क तुझा आहे. तू नको म्हणालीस तर मी आजारी पडेन, माझं हे यंत्र अशा वेळी कामाला येतं.

तू ये. नाही तर एक शब्द लिही.

आर्वो

*

गुरुवार, ३ सप्टेंबर

लेम्पी,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचली की स्टॅशनं ते कार्ड काढून ब्रेडच्या डब्यात ठेवलं.

"वाजव. मी येणार नाही. त्याला माझं वय सांगू नकोस."

मला तू काहीच लिहिलं नाहीस. ठीक आहे. मी मागितलं तेवढं मिळालं.

नाही सांगणार.

आर्वो

*

सोमवार, ७ सप्टेंबर

प्रिय लेम्पी,

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. स्टॅश समोर बसलाय आणि मी कुठे चुकलो तर सांगणार आहे.

दुपारी लख्ख ऊन होतं. चारशे माणसं आली असतील. तण कापलं होतं, बँड होता, भाजलेल्या सॉसेजचा वास होता. महापौरबाई बोलल्या, माझी चार पानं कुणीतरी वाचून दाखवली. एकोणपन्नास सालाचं त्यात एकच वाक्य होतं: ह्या वर्षी डॉकर्सचा एक खेळाडू फलकवाल्याच्या चुकीनं मैदानावरच राहिला. लोकांना कळलं नाही. पहिल्या ओळीतल्या गावच्याच एका म्हातारीनं मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

साडेतीनला तलावावर पांढरी रेघ दिसली. पावणेचारला बँडवाल्यांना आपलेच कागद दिसेनात. बाई म्हणाल्या, लवकर उरकून घेऊ. मी फलकाशी गेलो. हातोडा नवा आणला होता, लाल फीत बांधलेला. मी फीत काढली.

पहिला ठोका दिला. रूळ गंजलेला, पण आवाज तोच, लेम्पी. दातांत जाणवतो तो. दुसरा. तिसरा देताना हात खाली येईना, मग आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि थंडी वाजायला लागली म्हणून गाड्यांकडे निघाले. पंधरा मिनिटांत सगळं रिकामं. स्टॅश खेळाडूंच्या बाकावर बसून होता, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. दोघंही एकदमच खाली बसलो, आता उठवणारं कुणी नव्हतं.

आधी गवताचा आवाज आला. ओल्या गवतातून कुणी चालतं तसा, सावकाश, दमलेल्या माणसाचा. मग बाकापुढच्या सिमेंटवर बुटांचे खिळे वाजले. टक, टक. स्टॅशनं माझा हात धरला आणि डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. तेवढं मी त्याचं देणं लागत होतो.

लोकरीचा पांढरा सदरा, छातीवर संघाचं चिन्ह, जहाजाचा नांगर, सगळा भिजलेला. चेहऱ्याचं मी सांगत नाही. चोवीस वर्षांचा होता तो, तेवढाच आहे.

म्हणाला, "संपला?"

मी म्हटलं, "संपला, डेल."

"जिंकलो?"

"तीन-दोन."

तो हसला. मग त्यानं गॅलरीकडे पाहिलं, तिसऱ्या ओळीकडे. धुक्यात काही दिसत नव्हतं, तरी पाहत राहिला. मी सगळं सांगायला तोंड उघडलं. हातोड्याचं, पैजांचं, स्वयंपाकघरातलं. सांगितलंही. त्यानं ऐकलं, जसं एखादा फलाटावर दुसऱ्याच गाडीची घोषणा ऐकतो. शेवटी एवढंच म्हणाला, "थांबली होती ती?"

मी म्हटलं, "आठ दिवस. दगडांवर."

"मला दिसत होती," तो म्हणाला. "पण रूळ वाजला नव्हता ना."

लेम्पी, स्टॅशला हे ऐकू आलं नाही. तो म्हणतो, त्याला फक्त बूट ऐकू आले आणि मी एकटाच बोलत होतो. जसंच्या तसं लिहितो म्हटलं, म्हणून हेही लिहिलं.

मग त्यानं विचारलं, ती कुठे आहे. तुझ्या बाबतीत मी एकदा खोटं बोललोय. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून निघेना. मी सांगितलं, अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन, टेकडीवरचं पिवळं घर. तुझं वय सांगितलं नाही. रसेलचं सांगितलं, मार्जरीचं सांगितलं, टोबीच्या दातांचंही. त्यानं मान डोलावली. किती लांब आहे विचारलं. मी म्हटलं, सतराशे मैल. त्यानं हातमोजा काखेत घेतला, टोपी नीट केली आणि फाटकाकडे चालत गेला. खिळ्यांचा आवाज रस्त्यावर बराच वेळ येत होता, मग भोंग्यानं तो झाकला.

आज सकाळी आम्ही परत गेलो. सुट्टी असूनही यंत्रं आली होती. मी चालकाला थांबवून आत जाऊन पाहिलं. ते दोन डाग कोरडे पडलेत.

तुमच्याकडेही नदीवरून धुकं चढतं म्हणे, आयली सांगते, सप्टेंबरात तर रोजच. तो केव्हा पोचेल मला सांगता यायचं नाही. पण पोचला की काय करेल ते मला ठाऊक आहे. पायरीखाली उभा राहील. दार वाजवणार नाही, हाक मारणार नाही. कुणी सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही हे त्याला आम्हीच शिकवलं. तू घाबरू नकोस, आणि रसेललाही घाबरू देऊ नकोस. पायरीवर ओल दिसली, वाळू दिसली, तर नुसतं दार उघड आणि त्याला तुझ्या तोंडानं सांग की खेळ संपला, आता घरी जा. माझ्या तोंडून त्याला ते पुरलं नाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. फक्त लवकर लिही. चार ओळी लिही, एक लिही. तो आला की नाही एवढं तरी कळव. मी कुंपणाशीच असेन.

तुझा भाऊ,
आर्वो